न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१)

वेलिंग्टनमध्ये आज सुप्रीम कोर्टाचा भाग असलेली न्यायालयाची जुनी इमारत १८८१ साली पुरी झाली. मुंबई हायकोर्टाची दगडी इमारत तिच्या तीन वर्षे आधीची, १८७८ ची. त्या काळी दोन्ही न्यायालये एकाच राणीच्या नावाने न्याय देत आणि दोन्हीकडची शेवटची अपिले लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे जात. मुंबईत हायकोर्ट १८६२ साली सुरू झाले. मात्र तिथे कायम न्यायाधीश म्हणून पहिला हिंदी माणूस, नानाभाई हरिदास, १८८४ साली बसला. त्यांच्यानंतर १८८९ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले आणि त्यांच्या जागी १८९३ साली महादेव गोविंद रानडे.

रानड्यांना मराठी माणूस आजही 'न्यायमूर्ती' म्हणूनच ओळखतो. हायकोर्टात मात्र ते आयुष्याची शेवटची सातच वर्षे होते. त्याआधीची बावीस वर्षे त्यांनी खालच्या कोर्टांत आणि सरकारने नेमून दिलेल्या निरनिराळ्या जागांवर काढली. सरकारला त्यांच्या हुशारीची गरज होती आणि त्यांच्याविषयी संशयही होता. नोकरीत राहून लोकांचे काम करता येते का, आणि ते करताना काय काय सोसावे लागते, हे त्यांच्या चरित्रात दिसते.

निफाड, कोल्हापूर, मुंबई

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड गावी झाला. वडील गोविंदराव सरकारी कचेरीत कारकून होते. पुढे त्यांना कोल्हापूर संस्थानात नोकरी मिळाली आणि महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. मुलगा अबोल होता, अंगाने थोराड होता आणि बोलायला उशिरा लागला. घरच्यांना त्याची काळजी वाटे.

त्याच्या लहानपणची एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगतात. खेळायला कोणी सोबती नव्हता म्हणून तो घरातल्या खांबाला समोर बसवून सोंगट्या खेळू लागला. उजव्या हाताने खांबाचे दान टाकायचे आणि डाव्या हाताने आपले. खेळ संपला तेव्हा खांब जिंकला होता. खांबाकडून हरलास म्हणून मोठी माणसे हसली. मुलाला त्यात हसण्यासारखे काही दिसेना. दान जसे पडले तसे मोजले, असे त्याचे म्हणणे होते.

चौदा-पंधरा वर्षांचा असताना तो मुंबईला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकायला गेला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि एकवीस विद्यार्थी पास झाले. रानडे त्यांत होते. १८६२ साली पहिली बी.ए. परीक्षा झाली, तेव्हा चारच जण पास झाले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांनी १८६४ साली एम.ए. आणि १८६६ साली एल्एल.बी. केले. रात्रंदिवस वाचून त्यांचे डोळे अधू झाले. मोठेपणी त्यांना कागदपत्रे आणि पुस्तके दुसऱ्यांकडून वाचून घ्यावी लागत.

कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि मराठ्यांच्या बाजूने लिहिले. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर लोभ होता. तरी त्यांनी सहा महिने त्याची शिष्यवृत्ती बंद केली, असे सांगतात. पुढे आयुष्यभर रानड्यांना सरकारचा जो अनुभव यायचा होता, त्याची ही पहिली चव होती.

ज्या नव्या शिक्षणाने रानडे घडले, त्याच शिक्षणाने त्या काळात मुंबईतल्या बेने इस्राएल घरांतूनही एक पिढी तयार होत होती. जोसेफ एझिकेल राजपुरकर मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले आणि त्यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. जुने सोडायचे किती आणि धरून ठेवायचे किती, हा प्रश्न मुंबई-पुण्यातल्या सगळ्याच सुशिक्षित घरांपुढे होता.

पुण्याचे सबजज्ज

शिक्षण संपल्यावर रानड्यांनी सरकारी भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानात कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश आणि एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे प्रोफेसर अशी कामे केली. १८७१ साली ते ॲडव्होकेटची परीक्षा पास झाले. मुंबईत वकिली करून पुष्कळ पैसा मिळवता आला असता. त्यांनी न्यायखात्यातली नोकरी घेतली आणि त्याच वर्षी पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून पुण्यास आले. सबजज्ज म्हणजे दिवाणी दाव्यांचा न्यायाधीश. जमीन, वाटणी, कर्ज, गहाण यांचे तंटे त्याच्यापुढे येत.

पुण्यात आदल्याच वर्षी, २ एप्रिल १८७० रोजी, सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका हे तिचे चालक. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे नीट मांडणे हे सभेचे काम होते. सरकारी न्यायाधीशाला अशा सभेचा पदाधिकारी होणे शक्य नव्हते. रानडे पदाधिकारी झालेही नाहीत. पण दिवसभर कोर्ट करून संध्याकाळी ते सभेच्या मंडळींबरोबर बसत, आकडे जमवत, अर्जांचे मसुदे तयार करत. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात सभेने गावोगाव माणसे पाठवून पिकांची, पाण्याची आणि उपाशी माणसांची माहिती गोळा केली आणि ती वारंवार सरकारकडे पाठवली. १८७८ साली सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्यातले बहुतेक मोठे लेख रानड्यांचे असत आणि त्यांवर त्यांचे नाव नसे.

याच वर्षांत पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली (१८७५). लोकहितवादींच्या सोबतीने रानड्यांनी १८७८ च्या मे महिन्यात मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलावले. आजच्या मराठी साहित्य संमेलनाची परंपरा त्या बैठकीपासून मोजतात. मुंबईत १८६७ साली निघालेल्या प्रार्थना समाजाचे ते सभासद होते. मूर्ती न मानता एका देवाची उपासना करणारा तो समाज होता. रानडे तिथे तुकारामाच्या अभंगांवर प्रवचने करत.

१८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात व्याख्याने द्यायला आले. शेवटी त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी चिखलफेक केली. रानडे मिरवणुकीत पायी चालत होते. न्यायाधीशाच्या अंगावरही चिखल उडाला आणि ते चालत राहिले.

घरातला निकाल

विधवांना पुन्हा लग्न करता आले पाहिजे, या मताचे रानडे तरुणपणापासून होते. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुनर्विवाहाच्या चळवळीत ते होते. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर या विषयावर वाद झाला आणि सुधारकांवर बहिष्कार पडला.

ऑक्टोबर १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी सखूबाई वारली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. आता हे विधवेशी लग्न करणार, असे मित्रांना वाटले आणि वडिलांना तीच भीती वाटली. गोविंदरावांनी घाईने मुलगी पाहिली. रानड्यांनी विनवण्या केल्या, मुळीच लग्न करायचे नाही असेही सांगितले. वडील ऐकेनात. हे लग्न झाले नाही तर आपला तुझा संबंध संपला, इथवर गोष्ट आली. डिसेंबर १८७३ मध्ये रानड्यांचे लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी झाले. तिचे नाव रमाबाई ठेवले.

सुधारकांची यात मोठी निराशा झाली. दुसऱ्यांना धीर द्यायला सांगणारा माणूस स्वतःच्या घरात हरला, अशी टीका झाली आणि ती पुढे आयुष्यभर झाली. रानड्यांनी तिला उत्तर दिले नाही. झालेल्या गोष्टीचे समर्थनही त्यांनी केले नाही.

लग्नाच्या वेळी रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. रानडे रोज रात्री त्यांना शिकवू लागले: आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे आवडत नसे. शिकणाऱ्या सुनेला त्या टोमणे मारत, अबोला धरत. रमाबाई दिवसा ते सोसत आणि रात्री पुन्हा पुस्तक उघडत. काही वर्षांनी त्याच रमाबाईंनी पुण्याच्या सभेत गव्हर्नरांसमोर मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी भाषण वाचून दाखवले. ते हायस्कूल १८८४ साली सुरू झाले. पुण्यात त्याला हुजूरपागा म्हणतात. रानडे, भांडारकर आणि मोडक हे बी.ए.च्या वर्गातले सोबती त्याच्या संस्थापकांत होते.

नाशिक, धुळे आणि फोडलेली पत्रे

पुण्यातल्या सगळ्या हालचालींमागे हा सबजज्ज आहे, असे सरकारला वाटू लागले. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल पुण्याच्या ब्राह्मणांकडे संशयाने पाहत. १८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडक्यांनी पुण्याच्या आसपास बंड उभारले. फडके सरकारी हिशेबखात्यातले कारकून होते आणि पुण्यातल्या सभांमध्ये त्यांचे येणे-जाणे होते. त्याच मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आगीत जळाला आणि विश्रामबागवाड्यालाही आग लागली. शहरात पकडापकडी सुरू झाली. रानड्यांना तातडीने धुळ्याला जाण्याचा हुकूम आला. धुळे म्हणजे खानदेश, पुण्यापासून खूप लांब.

धुळ्याला त्यांची पत्रे उशिरा येऊ लागली आणि पाकिटे आधी उघडून पुन्हा चिकटवलेली दिसू लागली. मग बंडाच्या गुप्त बातम्या सांगणारी अनोळखी पत्रेही येऊ लागली. ती खरी नव्हती. हा न्यायाधीश काय करतो हे पाहण्यासाठी ती पाठवली जात होती. रानडे अशी पत्रे वाचून पोलिसांच्या अधिकाऱ्याकडे पाठवून देत आणि नेहमीप्रमाणे कोर्टात जात. तक्रारीचा अर्ज त्यांनी केला नाही, राजीनामा दिला नाही आणि पुण्याच्या मित्रांना लिहिणेही थांबवले नाही. काही महिन्यांनी सरकारचीच खात्री पटली आणि पत्रे फोडणे बंद झाले.

बाणेदारपणे नोकरी सोडायला हवी होती, असे पुढे काहींना वाटले. रानड्यांनी बदलीचे प्रत्येक गाव कामाची जागा मानले. जिथे जात तिथे वाचनालय, प्रार्थनासभा, मुलींची शाळा, व्याख्याने यांपैकी काहीतरी सुरू होई किंवा आधीच असलेल्या कामाला जोर चढे. बदली करून त्यांना लोकांपासून तोडावे, हा सरकारचा हेतू असेल तर तो साधला नाही.

कर्जरोखे आणि शेतकरी

रानड्यांच्या न्यायाधीशपणातले सर्वांत मोठे काम हायकोर्टात झाले नाही. ते खेड्यांत झाले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली आणि कर्जरोखे काढून जाळले. तिथून दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. बहुतेक ठिकाणी दंगेखोरांना हवे होते ते फक्त कागद. कारण न्यायाची सगळी गाडी त्या कागदावर चालत होती. शेतकऱ्याला वाचता येत नसे. पन्नास रुपये घ्यायचे आणि शंभराच्या खतावर अंगठा द्यायचा, असे चाले. मुदत संपली की व्याज मुद्दलात मिळवून नवे खत होई. सावकार दावा लावी, शेतकरी लांबच्या कोर्टात हजरच होत नसे आणि एकतर्फी निकालावर जमिनीचा लिलाव होई. न्यायाधीशाला कागदामागे जाऊन पाहण्याची सोय कायद्यात नव्हती.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. खतावर आकडा काहीही असो, खरे पैसे किती दिले हे कोर्टाने शोधून काढायचे. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. खत सरकारी नोंदणी करूनच करायचे. दावा लावण्याआधी गावच्या सलोखा करणाऱ्या पंचांपुढे तडजोडीचा प्रयत्न करायचा. लहान दाव्यांसाठी गावमुन्सफ नेमायचे.

१८८१ साली रानडे मुंबईत काही काळ मॅजिस्ट्रेट होते. त्यानंतर या कायद्याच्या अंमलासाठी त्यांना पुणे आणि सातारा जिल्ह्यांत नेमले. खास न्यायाधीश डॉ. पोलन यांच्या हाताखाली ते काम पाहत. पुढे १८८७ च्या सुमारास ती खास न्यायाधीशाची जागा त्यांनाच मिळाली. वर्षातले कित्येक महिने ते दौऱ्यावर असत. बैलगाडी, तंबू, सोबत रमाबाई आणि कागदांच्या पेट्या असा संसार गावोगाव फिरे. खालच्या कोर्टांचे निकाल ते तपासत आणि चुकलेला निकाल दुरुस्त करत. सलोख्याचे पंच खरोखर सलोखा करतात की सावकाराचेच काम करतात, तेही पाहत. समोर उभा असलेला शेतकरी मराठीत बोले आणि न्यायाधीशाला ते मराठी समजे. साक्ष दुभाष्याच्या तोंडून यावी लागत नसे.

या दौऱ्यांतून रानडे अर्थशास्त्रज्ञ झाले. शेतकऱ्याला कोर्टाने वाचवले तरी पुढच्या हंगामाला बी-बियाण्यासाठी तो पुन्हा सावकाराच्याच दारात जातो, हे त्यांनी पाहिले. स्वस्त कर्जाची सोय हवी, शेतीवरचा भार कमी करायला कारखाने हवेत, आणि इंग्लंडच्या पुस्तकांतले अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसेच्या तसे लावता येत नाही, असे ते लिहू लागले. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. १८९२ साली डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. आजही अर्थशास्त्राचे विद्यार्थी ते अभ्यासतात.

दरम्यान सरकारचा सूरही बदलला होता. १८८५ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमले गेले. १८८६ साली हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या समितीवर त्यांची नेमणूक झाली. त्या कामासाठी सिमला आणि कलकत्ता इथे राहावे लागले. कलकत्त्यात त्यांनी बंगाली शिकायला घेतली. हजामत करायला येणाऱ्या न्हाव्याला ते अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारत. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने न्हाव्याला गुरू करावे, याची रमाबाईंना मोठी गंमत वाटे.

चहाचे प्रकरण

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. नंतर चहा आणि बिस्किटे आली. पाहुण्यांत रानडे, गोखले, टिळक अशी शहरातली मोठी माणसे होती. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली. चौकशी होऊन चहावाल्यांना प्रायश्चित्त सांगण्यात आले.

रानड्यांवर स्वतःवर बहिष्काराचा फारसा परिणाम होणार नव्हता. पण सोबतच्या साध्या माणसांची घरे अडचणीत आली. लग्नकार्याला भटजी मिळेना. सासरी असलेल्या मुलींना माहेरी पाठवेनात. मित्र विनवू लागले की तुम्ही प्रायश्चित्त घेतलेत तर आमची सुटका होईल. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सनातन्यांना विजय मिळाल्यासारखे वाटले. सुधारक दुखावले, आणि रमाबाईंनाही ते मनापासून पटले नव्हते. १८७३ सालची जुनी टीका पुन्हा जिवंत झाली.

हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर महाराष्ट्रात अजून मतभेद आहेत. दोन्हीकडे सांगण्यासारखे आहे. पुढारी वाकला तर त्याच्या मागून येणाऱ्यांचा धीर सुटतो. पुढारी वाकला नाही तर शिक्षा त्याच्याऐवजी दुबळ्या माणसांना होते. रानड्यांनी दुसरी गोष्ट टाळली आणि पहिली सोसली.

हायकोर्टात

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती तेलंग अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या जागी नोव्हेंबरमध्ये रानड्यांची नेमणूक झाली. बातमी आली तेव्हा पुण्यात आनंदाला भरती आली. अनेक दिवस सत्कार, मेजवान्या आणि दिव्यांची रोषणाई चालली. ज्या गावातून सरकारने त्यांना संशयाने हलवले होते, त्याच गावाने त्यांना हायकोर्टात जाताना निरोप दिला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला न्यूझीलंडमधल्या बायकांनी पार्लमेंटच्या निवडणुकीत प्रथमच मत टाकले. रानडे ज्या देशात न्यायमूर्ती झाले तिथे मुलीला वाचायला शिकवायचे की नाही, यावरच अजून भांडणे होती.

हायकोर्टात रानडे अपिलाच्या बाजूला बसत. जिल्ह्या-जिल्ह्यांतून आलेले जमिनीचे, दत्तकाचे, वारशाचे आणि वाटणीचे तंटे तिथे शेवटचे ऐकले जात. बावीस वर्षे खालची कोर्टे पाहिलेल्या माणसाला हे दावे कुठून आणि कसे येतात ते पाठ होते. कागद कसे होतात, साक्षी कशा फिरतात, खेड्यातला माणूस वकिलाला काय सांगतो आणि वकील कोर्टाला काय सांगतो, हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांचे निकाल लांब असत. दोन्ही बाजूंचा एकूण एक मुद्दा त्यांत घेतलेला असे.

न्यायमूर्ती झाल्यावरही त्यांचे दुसरे काम चालूच होते. १८८७ साली मद्रासला सुरू झालेली सामाजिक परिषद दर वर्षी काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळी भरे. रानडे तिचा प्राण होते. १८९५ साली काँग्रेस पुण्यात भरायची होती. टिळकांच्या बाजूच्या लोकांनी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरू देण्यास विरोध केला आणि मांडव जाळण्याच्या धमक्यांपर्यंत मजल गेली. रानड्यांनी मांडवावरचा हक्क सोडला आणि परिषद दुसरीकडे भरवली. त्याच वर्षी त्यांनी वाढवलेली सार्वजनिक सभा टिळकांच्या हाती गेली. पुढच्या वर्षी रानड्यांनी डेक्कन सभा काढली.

त्यानंतर लवकरच न्यायाधीश आणि विरोधक असे दोघे कोर्टात समोरासमोर आले. जुलै १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले. खालच्या कोर्टाने जामीन नाकारल्यावर हायकोर्टातला अर्ज न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे आला. त्यांनी त्या वेळी जामीन दिला नाही, मात्र पुन्हा अर्ज करायला मोकळीक ठेवली. खटला सेशन्सकडे गेल्यावर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन मंजूर केला. तय्यबजींच्या त्या हुकुमाचे आजही कौतुक होते. रानड्यांच्या वाट्याला ते आले नाही. ज्या सरकारच्या चाकरीत राहून त्यांनी लोकांसाठी इतके केले, त्या चाकरीचे ओझे असे शेवटपर्यंत त्यांच्या खांद्यावर होते.

अखेर

१९०० साली त्यांचे मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठ्यांचे राज्य म्हणजे लुटारूंची टोळी नव्हती. संतांनी आधी लोकांची मने जोडली आणि मग शिवाजी महाराजांनी राज्य उभारले, असा विचार त्यांनी त्यात मांडला. विद्यार्थिदशेत ज्या विषयावर लिहिल्यामुळे शिष्यवृत्ती गेली होती, त्याच विषयावर न्यायमूर्ती पुन्हा लिहीत होते.

त्याच वर्षी छातीच्या दुखण्याने ते आजारी पडले. डिसेंबरात लाहोरला सामाजिक परिषद होती. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. सुरू झाल्यापासून एकही परिषद न चुकलेल्या रानड्यांना त्याचे फार वाईट वाटले. त्यांनी लिहिलेले भाषण गोखल्यांनी लाहोरला वाचले. १६ जानेवारी १९०१ रोजी रात्री मुंबईत रानडे वारले. दोन दिवसांनी त्यांना एकोणसाठ वर्षे पुरी झाली असती. हायकोर्टातली त्यांची जागा नारायण गणेश चंदावरकर यांना मिळाली. तेही प्रार्थना समाजाचे आणि सामाजिक परिषदेचे कार्यकर्ते होते.

रानड्यांजवळ बसून अर्थशास्त्र आणि सार्वजनिक काम शिकलेल्या गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला. रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. विधवा आणि गरीब बायका तिथे शिक्षिका, परिचारिका होऊ लागल्या. दुसऱ्या वर्षी रमाबाईंनी संसाराच्या आठवणी मराठीत प्रसिद्ध केल्या. धुळ्याची फोडलेली पत्रे, घरातले टोमणे, चहाचे प्रकरण आणि कलकत्त्याचा न्हावी हे सारे त्या पुस्तकामुळे लोकांना ठाऊक झाले. अकराव्या वर्षी अक्षरओळख नसलेल्या मुलीने लिहिलेले ते पुस्तक आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते. हुजूरपागेची शाळाही पुण्यात अजून भरते.